एका निन्जाचे दोन गळे

निन्जा हातोरी हे पात्र दहा-अकरा वर्षांच्या मुलाचे. त्याचा आवाज मात्र जपानीत आणि हिंदीत, दोन्हीकडे बाईचा आहे. जपानीत होरी जुन्को, हिंदीत मराठी अभिनेत्री मेघना एरंडे.

मुलाच्या पात्राला बाईने आवाज द्यायचा, हा जपानी रिवाज टीव्हीच्या सुरुवातीच्या दिवसांतला. परदेशी मालिकांना त्या काळी थेट प्रक्षेपणातच आवाज द्यावा लागे आणि लहान मुलांना रात्री उशिरापर्यंत स्टुडिओत ठेवता येत नसे. शिवाय मुलाचा आवाज कधी ना कधी फुटतो, बाईचा तसाच टिकतो. नोझावा मासाको १९८६ पासून 'ड्रॅगन बॉल'मधल्या गोकूचा आवाज देत आल्या, त्या याच परंपरेतल्या.

होरींच्या वाट्याला १९७१ साली क्यू-तारो हे खोडकर भूत आले आणि दहा वर्षांनी हातोरी. फुजिको फुजिओ या जोडनावातल्या आबिको मोतोओ यांनी १९६४ साली चित्रकथेत आणलेला हा इगा प्रांताचा निन्जा २८ सप्टेंबर १९८१ रोजी शिन-एई स्टुडिओच्या कार्टून मालिकेतून टीव्हीवर आला. २५ डिसेंबर १९८७ पर्यंत तिचे ६९४ छोटेखानी भाग झाले. मधल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. हातोरी ज्याच्या घरी राहतो तो शाळकरी केनइची संकटात सापडतो, हातोरी त्याला सोडवतो.

खरी गंमत हातोरीच्या बोलण्यात आहे. त्याचे वाक्य 'दे गोझारु' या जुनाट, दरबारी क्रियापदावर संपते आणि मागे 'निन निन' येते. बखरीतला शिलेदार दप्तर घेऊन शाळेच्या फाटकात उभा राहावा, तसे ते ऐकू येते. हा भारदस्तपणा पोरसवदा गळ्यातून काढायचा आणि तो नक्कल वाटू द्यायचा नाही, हे होरींचे कसब. याच कलावतीने हिरोशिमाच्या अणुबॉम्बवरचा 'आसा-चान' हा एकपात्री प्रयोगही केला. तो बाजूला ठेवून त्यांची ओळख केवळ कार्टूनपुरती ठेवणे अन्यायाचे आहे.

जपानी पद्धतीत सगळे कलाकार संहिता हातात घेऊन एका खोलीत उभे राहतात आणि आपले वाक्य आले की पुढच्या माइकशी जातात. हिंदी डबिंगमध्ये कलाकार बहुधा एकटाच असतो. कानात मूळ आवाज, समोर पडदा, आणि पात्राचे ओठ मिटतील तिथेच वाक्य संपवायचे. जपानीत क्रियापद शेवटी येते, तसेच हिंदीत आणि मराठीतही. त्यामुळे वाक्याचा जोर दोन्हीकडे शेवटाकडेच साठतो. इंग्रजीत डबिंग करणाऱ्याला ही सोय नाही.

निक वाहिनीवरच्या हिंदी हातोरीत 'गोझारु' गेले, 'निन निन'च्या जागी 'डिंग डिंग डिंग' आले. शिशिमारू कुत्र्याचा जीव मुळात चिकुवावर, म्हणजे माशाच्या वाटलेल्या गराच्या नळीवर. हिंदीत त्याला चॉको रोल मिळाले. हातोरीचा प्रतिस्पर्धी निन्जा केमुमाकी अमारा झाला. इतके बदलूनही पात्र उभे राहिले ते एरंडे यांच्या आवाजावर. त्यात खट्याळपणा जास्त आहे, पण वाक्य संपवतानाची ठाम लय सुटत नाही. नॉडी या कार्टूनमधल्या मुलाच्या हिंदी अवतारालाही त्यांचाच आवाज आहे, आणि दोन पात्रे कानाला एक वाटत नाहीत.

हा हिंदी हातोरी मराठी घरांतही पोहोचला. मध्य प्रदेशात पांढुर्ण्यासमोर जाम नदीच्या दुसऱ्या काठावर सावरगाव आहे. या सौसर-पांढुर्णा पट्ट्यात घरात मराठी आणि शाळेत हिंदी चालते. इथल्या पोरांनी हातोरी ऐकला तो हिंदीत, पण त्या हिंदीमागचा गळा घरच्याच भाषेचा होता. हे त्यांना कळायला हवे होते. जपानी मालिकेच्या शेवटी आवाजाचे श्रेय नावानिशी येते; आपल्याकडे डबिंग कलाकाराचे नाव पडद्यावर क्वचितच दिसते.

२०१२ मध्ये शिन-एई आणि भारतातील रिलायन्स मीडियावर्क्स यांनी हातोरीचे नवे भाग काढले. जपानी आवाजासाठी पुन्हा होरींनाच बोलावले गेले. पंचाहत्तरी ओलांडलेल्या होरींनी पंचवीस वर्षांपूर्वी थांबलेला तो मुलगा पुन्हा उभा केला. भारतीय प्रेक्षकांना समोर ठेवून काढलेल्या या भागांतले त्यांचे 'निन निन' भारतातल्या मुलांपर्यंत पोहोचले नाही. त्यांच्या कानात 'डिंग डिंग डिंग' आधीच बसले होते.