पायाचा अंगठा वाकडा का होतो?

भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीला येणारे दिगंबर मुनी लांबचा विहार अनवाणी करतात. त्याच तालुक्यात शेतकरी चपलेत, शाळकरी मुलं बुटात आणि लग्नाला निघालेल्या मुली निमुळत्या सँडलमध्ये चालतात. पाय सगळ्यांचे सारखेच. बोटांना मिळणारी जागा मात्र वेगवेगळी. पायाच्या एका मोठ्या दुखण्याचा या जागेशी जवळचा संबंध आहे.

अंगठ्याच्या मुळाशी, पायाच्या आतल्या कडेला एक उंचवटा येतो. चप्पल घासली की तो लाल होतो, ठणकतो. घरात म्हणतात, ‘हाड वाढलंय.’ डॉक्टर त्याला बनियन किंवा ‘हॅलक्स व्हॅल्गस’ म्हणतात. खरं तर तिथे नवं हाड फारसं वाढलेलं नसतं, असलेलं हाड कललेलं असतं. अंगठ्यामागचं लांब हाड, म्हणजे पहिलं मेटाटार्सल, दुसऱ्या पायाच्या दिशेला सरकतं आणि अंगठा उलट शेजारच्या बोटाकडे झुकतो. त्या हाडाचं टोक बाहेर डोकावतं, तोच हा उंचवटा. ही गोष्ट नीट कळली की उपचारांचं गणितही कळतं.

एकदा अंगठा झुकला की स्नायूबंध त्याला आणखी ओढतात. धनुष्याची दोरी कमानीला वाकवून धरते, तसे सरळ रेषेतून ढळलेले स्नायूबंध अंगठ्याला तिरकं धरून ठेवतात. सांध्याखालची दोन छोटी हाडं जागा सोडतात. चालताना जमिनीला रेटा देण्याचं अंगठ्याचं काम कमी पडतं आणि भार दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या मुळाशी जातो. तिथे घट्टे पडतात, दुसरं बोट वाकतं, कधी अंगठ्यावर चढतं. बाईच्या त्या बोटात जोडवी असतील तर तीही रुतू लागतात. पुढे सांध्यातली कूर्चा झिजते. हे सगळं वर्षानुवर्षं, हळूहळू घडतं.

कारण एकच नाही. 1958 मध्ये हाँगकाँगमधल्या एका अभ्यासात बूट घालणाऱ्या चिनी लोकांपैकी 33 टक्क्यांमध्ये ही विकृती आढळली, तर अनवाणी राहणाऱ्यांमध्ये जेमतेम 1.9 टक्क्यांमध्ये. 2021 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी मध्ययुगीन सांगाडे तपासले. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांत तिचं प्रमाण 6 टक्के होतं, टोकदार बुटांची टूम आल्यावर चौदाव्या-पंधराव्या शतकात ते 27 टक्के झालं. पण अनवाणी माणसांतही थोडं प्रमाण उरतंच. पायाची ठेवण, सैल सांधे हे घराण्यातून येतं. अनेक रुग्णांच्या आईला किंवा आजीला हाच त्रास असतो. संधिवातामुळेही अंगठा वळतो. अनेक पाहण्यांच्या एकत्रित आढाव्यानुसार बायकांमध्ये हे प्रमाण सुमारे 30 टक्के, तर पुरुषांमध्ये सुमारे 13 टक्के आहे. थोडक्यात, कल जन्माने मिळतो आणि अरुंद पादत्राण तो वाढवतं.

तपासणी साधी आहे, पण एक्स-रे रुग्णाला उभं करून काढायला हवा. पायावर भार असतानाच खरा कोन दिसतो. अंगठ्याचा कोन 15 अंशांपर्यंत सामान्य धरतात. 20 अंशांपर्यंत दोष सौम्य, 40 पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र.

पुढचा भाग रुंद असलेली चप्पल, मऊ गादी, बर्फाचा शेक, वेदनाशामक गोळ्या यांनी दुखणं कमी होतं. बोटांमध्ये घालायचे सिलिकॉनचे तुकडे किंवा रात्रीचे पट्टे आराम देतात. मोठ्या माणसाचं कललेलं हाड मात्र ते सरळ करत नाहीत. 2001 मध्ये फिनलंडमधल्या 209 रुग्णांच्या चाचणीत बुटातल्या आधारांचा फायदा तात्पुरता ठरला. वर्षअखेरीस शस्त्रक्रिया झालेले रुग्ण सर्वांत बरे होते.

उंचवटा नुसता तासून भागत नाही, कारण कल तसाच राहतो. म्हणून सर्जन हाड कापून सरळ रेषेत आणतो. सौम्य-मध्यम दोषात हाडाच्या टोकाजवळ ‘व्ही’ आकाराचा छेद घेऊन टोक सरकवतात आणि स्क्रूने बसवतात. ही शेव्हरॉन पद्धत. कोन मोठा असेल तर लांब ‘झेड’ आकाराचा स्कार्फ छेद घेतात. दोष तीव्र आणि सांधा सैल असेल तर मेटाटार्सलच्या मागचा सांधाच जोडून टाकतात, ती लॅपिडस शस्त्रक्रिया. काही ठिकाणी काही मिलीमीटरच्या छिद्रांतून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत हेच काम होतं. अंगठ्याचा सांधा पार झिजला असेल तर तोच जोडून वेदना थांबवतात.

त्यानंतर साधारण सहा आठवडे खास चपलेत, बहुधा टाचेवर भार देऊन चालावं लागतं. सूज काही महिने राहते. म्हणून शेतकऱ्याने पेरणी-काढणीचा हंगाम टाळून तारीख घ्यावी. जंतुसंसर्ग, बधिरपणा, सांधा आखडणं किंवा अंगठा पुन्हा वळणं हे धोके आधी विचारून घ्यावेत. मधुमेह आटोक्यात हवा आणि तंबाखू बंद हवी, कारण तिच्यामुळे हाड उशिरा जुळतं. मुख्य म्हणजे शस्त्रक्रिया वेदनेसाठी करावी, पाय सुंदर दिसावा म्हणून नव्हे. चालणं अवघड झालं, नेहमीच्या चपलेतही ठणका थांबेना, की बार्शी, धाराशिव किंवा सोलापूरच्या अस्थिरोगतज्ज्ञाला पाय दाखवावा. मधुमेहींनी मात्र पहिल्या जखमेलाच जावं.

घरात कुणाला हा त्रास असेल, तर मुलांच्या बुटांकडे आत्तापासून लक्ष द्या. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, मुलाला कागदावर उभं करून पावलाची रेघ मारा आणि तो कागद दुकानात न्या. बुटाचा तळ त्या रेघेच्या आत येत असेल, तर बूट कितीही देखणा असो, घेऊ नका.