निलंबन, ट्रेलर ओढणाऱ्या मोटारगाडीचे

निलंबन, ट्रेलर ओढणाऱ्या मोटारगाडीचे : मोटारगाडीस जड ट्रेलर जोडला असता तिचा मागील भाग स्प्रिंगांवर खाली दबतो आणि पुढील भाग काहीसा वर उचलला जातो. हे दबणे मर्यादित ठेवण्यासाठी निरनिराळ्या योजना करतात. त्यांपैकी काहींनी गाडीची केवळ उंची पूर्ववत होते, तर काहींनी चाकांवरील भाराची वाटणीही सुधारते. गाडीच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

हा प्रश्न मुख्यत्वे उत्तर अमेरिकेत उद्‌भवला. तेथे प्रवासी निवासाचे ट्रेलर, नावा व घोडे वाहून नेण्याचे ट्रेलर खाजगी गाड्यांनी ओढण्याचा प्रघात आहे. अशा निवासी ट्रेलरांच्या निर्मितीसाठी वॉली बायम यांनी १९३१ मध्ये एअरस्ट्रीम कंपनी स्थापन केली. तर १९३५ मध्ये ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली शेव्हरोले सबर्बन ही बंदिस्त गाडी बाजारात आली. पुढे एसयूव्ही या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या गाड्यांची ती पूर्वज मानली जाते. या गाड्यांचे इंजिन जड ट्रेलर ओढण्यास समर्थ असले, तरी प्रवाशांच्या सोयीसाठी त्यांच्या मागील स्प्रिंगा बऱ्याचदा मऊ ठेवलेल्या असतात.

भाराचे गणित : ट्रेलरच्या पुढील दांड्याचे टोक गाडीमागील जोडगोळ्यावर टेकलेले असते. तेथे जो उभा भार पडतो त्यास दांडाभार म्हणता येईल. अमेरिकी पद्धतीत तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात. जोडगोळा मागील आसाच्या बराच मागे असल्याने मागील आस हा टेकू व गाडी ही तरफ बनते. त्यामुळे मागील आसावर दांडाभाराहूनही अधिक भार येतो आणि पुढील आसावरील भार कमी होतो.

उदा., गाडीच्या दोन आसांतील अंतर ३ मी., मागील आसापासून जोडगोळ्यापर्यंतचे अंतर १.२ मी., ट्रेलरचे वजन २,५०० किग्रॅ. व दांडाभार ३०० किग्रॅ. आहे असे मानू. ३०० ला १.२ ने गुणून ३ ने भागल्यास १२० येतात. म्हणजे पुढील आसावरील भार १२० किग्रॅ.ने घटतो व मागील आसावरील भार ४२० किग्रॅ.ने वाढतो. मागील दोन स्प्रिंगांची एकत्रित ताठरता दर मिमी.ला ८ किग्रॅ. असेल, तर मागील भाग सु. ५ सेंमी. दबेल. पुढील स्प्रिंगांची ताठरता दर मिमी.ला ६ किग्रॅ. धरल्यास पुढील भाग २ सेंमी. वर येईल.

परिणाम : वरील उदाहरणात गाडी सु. १.४ अंशांनी मागे कलते. पुढील दिव्यांचा आखूड झोत सामान्यतः शेकडा १ इतका खाली रोखलेला असतो. तो या कलामुळे क्षितिजसमांतर रेषेच्या वर जातो व समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात. स्प्रिंगेची चाल संपत आल्याने खड्ड्यात निलंबन रबरी थांब्यावर आदळते. यांहून गंभीर परिणाम भार घटल्याचे होत. गाडीचे वळण पुढील चाकांवर आणि गतिरोधनाचा मोठा वाटा त्यांच्याच पकडीवर अवलंबून असतो. पुढील चाके हलकी व मागील चाके जड झाली, म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडी सुकाणूस नीट दाद देत नाही आणि ट्रेलरचे आडवे हेलकावे आवरणे कठीण जाते.

उंची वाढविणाऱ्या योजना : यांत अधिक ताठर स्प्रिंगा, पट्टी स्प्रिंगेस जोडलेली साहाय्यक पट्टी, रबर वा पॉलियुरेथेनचे ठोकळे आणि मळसूत्री स्प्रिंगेच्या आत बसविलेल्या हवेच्या पिशव्या यांचा समावेश होतो. ताठर स्प्रिंगांमुळे गाडी रिकामी असताना धक्के जास्त बसतात. हवेच्या पिशव्यांतील दाब मात्र गरजेनुसार कमीजास्त करता येतो. साधे धक्काशोषक बदलल्याने दबणे कमी होत नाही, कारण त्यांचे कार्य स्प्रिंगेची आंदोलने शमविण्याचे असते, भार पेलण्याचे नव्हे. काही गाड्यांत उंची आपोआप राखणारी यंत्रणा मुळातच असते. १९७० च्या रेंज रोव्हर गाडीत मागील आसावर असा स्वयंसमतलक एकक होता. याच गाडीत १९९२ मध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे वायू निलंबन आले.

या सर्व योजनांनी गाडी सपाट दिसू लागते, दिव्यांचा झोत खाली येतो व स्प्रिंगेस चाल मिळते. परंतु आसांवरील भार तरफेच्या अंतरांवरून ठरत असल्याने त्यात फरक पडत नाही. वरील उदाहरणात पिशव्या फुगवून मागील भाग पूर्ववत उचलला, तरी पुढील आस १२० किग्रॅ.ने हलकाच राहतो. दबण्याचे दृश्य लक्षण नाहीसे झाल्याने चालकाची फसगत होण्याचा संभव असतो.

भारवाटप जोडणी : या जोडणीत जोडगोळ्याच्या शिरातून निघणाऱ्या दोन स्प्रिंगदार दांड्या ट्रेलरच्या त्रिकोणी सांगाड्याखालून मागे नेतात व साखळ्यांनी किंवा खोबणींनी ताणून वर बांधतात. ताणलेल्या दांड्या जोडणीवर परिबल निर्माण करतात. मागील बाजूस दांड्या असलेल्या हातगाडीच्या दांड्या वर उचलल्या असता पुढील चाकावर जसा भार येतो, तसाच हा परिणाम आहे. जोडगोळ्यापासून ट्रेलरच्या आसापर्यंत ५ मी. अंतर असल्यास, पुढील आसाचे १२० किग्रॅ. परत मिळविताना मागील आसावरील ४२० किग्रॅ.चा जादा भार सु. २४२ किग्रॅ.पर्यंत उतरतो आणि सु. ५८ किग्रॅ. ट्रेलरच्या आसावर जातात. मागील भागाचे दबणे सु. ३ सेंमी. उरते, ते पूर्णपणे नाहीसे होण्याची अपेक्षा धरू नये.

जुळणी करताना सपाट जागी पुढील चाकावरील कमानीची जमिनीपासूनची उंची तीनदा मोजतात : ट्रेलर जोडण्यापूर्वी, जोडल्यावर व दांड्या ताणल्यावर. पुढील उंची पूर्णतः पूर्ववत करावी असा पूर्वी संकेत होता. मात्र दांड्या फार ताणल्यास मागील चाकांची पकड कमी होऊन वळणावर गाडीचा मागील भाग बाहेर सरकू शकतो. म्हणून काही उत्पादक वाढलेल्या उंचीपैकी निम्मीच उतरविण्यास सांगतात. हवेच्या पिशव्या आधीच फुगविल्या असतील, तर उंचीच्या मापनावरून योग्य ताण कळत नाही. त्यामुळे दांड्यांची जुळणी प्रथम करणे इष्ट ठरते. स्वयंसमतलक यंत्रणा असलेल्या गाडीत उत्पादकाने दिलेला क्रम पाळावा लागतो.

मालाची मांडणी : माल ट्रेलरमध्ये मागे सरकवून दांडाभार घटविणे हा दबण्यावरील सर्वांत सोपा, पण धोक्याचा उपाय आहे. माल मागे जास्त झाल्यास बैलगाडी उलाळ होते व जू वर उचलले जाते, हे परिचित आहे. वेगाने जाणाऱ्या ट्रेलरच्या बाबतीत त्याबरोबर आडवे हेलकावे वाढतात व गाडी उलटण्याची भीती असते. यूरोपात दांडाभार कमी, बहुधा शेकडा ७ च्या आसपास, ठेवतात. मात्र तेथे ट्रेलरसह वेगावर कडक मर्यादाही आहेत. जर्मनीत ही मर्यादा सर्वसाधारणपणे ताशी ८० किमी. आहे. जड वस्तू आसाच्या किंचित पुढे, तळाशी ठेवणे व दांडाभार प्रत्यक्ष तोलून पाहणे हे सर्वत्र आवश्यक समजले जाते.

मर्यादा : वरीलपैकी कोणत्याही साधनाने मागील आस, टायर, जोडणी वा गाडी यांची उत्पादकाने ठरविलेली भारमर्यादा वाढत नाही. प्रवासी व सामान यांसह मागील आसाचा भार त्या मर्यादेबाहेर जात असेल, तर हलका ट्रेलर किंवा अधिक क्षमतेची गाडी वापरणे हाच खरा उपाय होय.