भाचीला बातम्या द्यायच्या आहेत!

चवथीला आम्ही चाकरमानी कोकणात जातो, तेव्हा गणपतीबरोबर घरातले रेंगाळलेले प्रश्नही मखरात बसतात. कोणाची जमीन, कोणाचे लग्न, कोणाच्या पडवीची कौले. सगळ्यांचा निकाल विसर्जनापूर्वी लागायचा असतो. गेल्या चवथीला मालवणास ताईकडे गेलो, तेव्हा पुढ्यात आलेला प्रश्न मात्र आमच्या घराण्यात अगदी नवा होता.

"मामा, माका टीव्हीर बातम्यो देवच्यो आसत," भाची म्हणाली.

ताई मोदकांची उकड मळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "हिका कोणतरी समजाव रे! बी.एड. कर म्हणतंय, तर ऐकणा नाय."

भावोजी एवढा वेळ वर्तमानपत्राआड होते. त्यांनी पानावरून डोळे काढून एकच प्रश्न विचारला, "पगार किती असतो?" आणि पुन्हा ते पानाआड गेले.

मुलीच्या डोक्यात हे वेड केव्हा शिरले हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. २०२४ च्या ऑगस्टची २६ तारीख. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा त्या दिवशी कोसळला. पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे अनावरण होऊन, म्हणजे ४ डिसेंबर १९२३ नव्हे हो, २०२३ च्या नौदल दिनाला, पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून आमच्या चिंचोळ्या रस्त्यांवर डोक्यावर तबकड्या घेतलेल्या मोटारींची रांग लागली. मुंबईच्या, दिल्लीच्या वाहिन्यांची माणसे माइक हाती धरून उभी राहिली. ताईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एक तरुणी कॅमेऱ्याकडे पाहून बोलत होती, आणि तिचे बोलणे त्याच क्षणी नागपूरला ऐकू जात होते. आमची भाची तीन दिवस जेवणाखाणाची शुद्ध हरपून तिच्या मागे मागे हिंडली. मग पुढे काय होणार?

मला विचाराल तर मी तिला हसलो नाही. कारण मीही एके काळी त्या जादूने भारलेला पोरगा होतो.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. दिल्लीत १९५९ साली प्रायोगिक केंद्र निघाले होते. त्यानंतरचे हे देशातले दुसरे. आम्ही तेव्हा गिरगावात चाळीत राहत होतो. आख्ख्या मजल्यात एक संच, आणि त्याच्यापुढे सतरंजीवर आम्ही वीसपंचवीस जीव. आमचे आजोबा निवृत्त शाळामास्तर. मराठी बातम्या सुरू झाल्या की ते पेन्सिल आणि जुन्या कॅलेंडराचे पान घेऊन बसत, आणि वृत्तनिवेदकाचा उच्चार चुकला की टिंब काढीत. ज्या दिवशी एकही टिंब पडत नसे, त्या दिवशी ते जरा खिन्नच दिसत.

मुंबई दूरदर्शनचे पहिले मराठी वृत्तनिवेदक म्हणून डॉ. विश्वास मेहेंदळे यांचे नाव घेतले जाते. पुढे ते लेखक म्हणून, वक्ते म्हणूनही घरोघर पोचले. २०२३ च्या जानेवारीत ते गेले. भक्ती बर्वे यांना आम्ही पडद्यावर पाहिले तेव्हा त्यांची 'ती फुलराणी' अजून रंगभूमीवर यायची होती. ती आली १९७५ साली. स्मिता पाटीलची गोष्ट तर आता दंतकथाच झाली आहे. वृत्तनिवेदिकेने साडी नेसली पाहिजे असा शिरस्ता. ही मुलगी जीनवरच साडी गुंडाळून बसायची, कारण टेबलाखालचे कोणाला दिसते? श्याम बेनेगलांच्या 'चरणदास चोर'मधून ती चित्रपटात गेली आणि बातम्यांनी एक चेहरा गमावला. बालकवितांमुळे ठाऊक असलेले अनंत भावेही याच खुर्चीत बसून गेले. आणि प्रदीप भिडे! सत्तरच्या दशकापासून जवळजवळ चाळीस वर्षे तो धीरगंभीर आवाज महाराष्ट्राने ऐकला. ७ जून २०२२ ला ते वारले तेव्हा आमच्या चाळीतल्या जुन्या मंडळींनी एकमेकांना फोन केले, जणू काही शेजारचा माणूस गेला.

या मंडळींपैकी पुष्कळांचा हा पोटापाण्याचा धंदा नव्हता. कोणी नाटकात, कोणी कॉलेजात, कोणी कचेरीत. पाळी असेल त्या दिवशी वरळीच्या केंद्रावर जायचे, हाती आलेले कागद नजरेखालून घालायचे आणि दिव्यांच्या प्रकाशात बसायचे. समोर अक्षरे सरकवणारे यंत्र सुरुवातीला कोठले! कागदावरचे अर्धे वाक्य डोळ्यांनी उचलायचे, मान वर करून ते प्रेक्षकाला सांगायचे, आणि खाली पाहून पुढचे वाक्य नेमके सापडवायचे. ऐन वेळी कोणी नवा कागद आणून सरकवला तर तोही पहिल्याच वाचनात, न अडखळता. बोटाने ओळ धरून वाचायची सवय असलेल्या आजोबांना त्याचे भारी नवल वाटे.

तेव्हाची दुसरी गोष्ट म्हणजे चेहरा. बातमी आनंदाची असो की दुःखाची, निवेदकाचा चेहरा बोलत नसे. हे आपल्याकडेच होते असे नाही. विलायतेत बीबीसीने १९५४ साली टीव्हीवर बातमीपत्र सुरू केले, तेव्हा वाचणारे रिचर्ड बेकर प्रेक्षकांना दिसतच नसत! पडद्यावर नुसती चित्रे आणि मागून आवाज. निवेदकाच्या भुवईची हालचालसुद्धा निःपक्षपातीपणाला बाधा आणील अशी त्या मंडळींना धास्ती. पुढच्या वर्षी चेहरे दिसू लागले. आता आमच्या काही वाहिन्यांवर भुवयाच काय, दोन्ही हात आणि घशाच्या शिरा बातमी सांगतात; ते पाहून बेकरसाहेबांना काय वाटले असते कोण जाणे. पण जुने ते सगळे सोने, असे मी म्हणणार नाही. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या सकाळी. बीबीसीच्या रेडिओवरून जगाला त्या गेल्याचे कळून तास लोटले, आणि दूरदर्शनवर सलमा सुलतान यांनी ती बातमी दिली संध्याकाळी. धीरगंभीरपणाच्या पोटात सरकारी परवानगीची वाट पाहणेही असे, हे विसरून चालायचे नाही.

हे सारे पुराण मी भाचीला ऐकवले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "पण मामा, ते वाचीत होते. मला वाचायचे नाही. मला जाऊन बघायचे आहे." (मामाशी वाद घालताना ती मालवणी सोडून शुद्ध पुस्तकी बोलते, मी ओळखून असतो.) मग तिने आमच्या शेजारच्या गोव्याचा दाखला काढला, राजदीप सरदेसाईंचा. मडगावला जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंचे हे चिरंजीव. वडिलांनी १९७१ साली किंग्स्टनला २१२ धावा काढल्या, तेव्हा आम्ही रेडिओला कान लावून होतो. मी तिला एवढेच म्हटले, "बाय गो, ते १९८८ साली मुंबईत वर्तमानपत्रात लागले आणि टीव्हीवर गेले १९९४ साली. मधली सहा वर्षे मोज." ती गप्प बसली. मामालाही कधी कधी तारखा पाठ असतात!

खरे तर तिच्या प्रश्नाचे उत्तर मुंबई-दिल्लीत नव्हते, मालवणातच होते. मराठीत चोवीस तासांच्या बातम्या आल्या २००७ साली. 'झी २४ तास' आणि 'स्टार माझा' त्याच वर्षीचे. 'स्टार माझा'चे पुढे २०१२ मध्ये 'एबीपी माझा' झाले. २००८ मध्ये 'आयबीएन लोकमत' आले. चोवीस तास म्हणजे केवढे पोट! ते भरण्यासाठी तालुक्या-तालुक्यांत माणसे नेमली गेली. त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. पगारी नोकर नव्हे. बातमी लागेल तसे पैसे. अशाच एका गृहस्थाकडे मी भाचीला घेऊन गेलो. त्यांचे नाव देत नाही, कारण त्यांना अजून या धंद्यात राहायचे आहे.

बाजारपेठेत त्यांचा लहानसा फोटो स्टुडिओ. संसार चालतो तो त्यावर, लग्नाच्या अल्बमांवर. बातमी म्हणजे मोटारसायकल, तिकाटणे, एक मोबाइल, आणि पेट्रोल स्वतःचे. आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा म्हणजे त्यांचा सुगीचा दिवस. या जत्रेची तारीख पंचांगात नसते. देवीचा कौल घेऊन ठरते. ती ठरल्याची बातमी मुंबईला सर्वांआधी पोचवायची आणि मग जत्रेला येणारे पुढारी टिपायचे. भाचीने डोळे विस्फारून विचारले, पैसे किती मिळतात? ते हसले. एका वाहिनीने त्यांचे आठ महिन्यांचे पैसे थकवले होते. ती बुडाली की बदलली, त्यांनाही नीट कळले नाही.

"मग सोडत का नाही?" मी विचारले.

तेव्हा त्यांनी २००९ च्या नोव्हेंबरातल्या फयान वादळाची हकीगत सांगितली. वादळ आले तेव्हा कित्येक होड्या दर्यात होत्या. किनाऱ्यावर बायका-पोरे उभी. मुंबईहून फोनवर फोन: "किती बेपत्ता? आकडा द्या, आकडा!" यांनी सांगितले, बंदरावर जाऊन मोजल्याशिवाय देणार नाही. तासाभरात दुसऱ्याच कुठल्या वाहिनीवर आकडा झळकला, आणि पाठोपाठ एका होडीचे नावही, बुडाली म्हणून. त्या होडीवरच्या तांडेलाची आई यांच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. रडली नाही. नुसती म्हणाली, "तू टीव्हीवालो मा? खरा काय ता माका सांग."

यांनी मोटारसायकल काढली. सर्जेकोटला विचारले, आचऱ्याला विचारले. दुसऱ्या दिवशी कळले की होडी देवगड बंदरात आसऱ्याला गेली आहे, माणसे सुखरूप आहेत. देवगडची खाडी पहिल्यापासून वादळातल्या गलबतांचा आधार. अनुभवी तांडेल तिकडेच वळणार. पण मुंबईच्या खुर्चीत बसलेल्याला देवगड कोठे ते ठाऊक असायला हवे ना!

आकडा न दिल्याबद्दल त्या वाहिनीने यांचे काम काढून घेतले. चार महिने ते घरी होते.

मे २०२१ मधले तौक्ते वादळ त्यांनी दुसऱ्या वाहिनीसाठी टिपले. त्याचीही एक गंमत, म्हणजे गंमत कसली! पडलेले माड, उडालेली कौले, रस्त्यावर आडवे झालेले विजेचे खांब सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. पाहिले नाही ते फक्त मालवणकरांनी. कारण वीजच नव्हती, कित्येक ठिकाणी दिवसच्या दिवस. मी मुंबईत बसून टीव्हीवर ताईच्या गल्लीतला पडलेला माड पाहिला आणि फोन लावला, तर तो लागेना. तिसऱ्या दिवशी आवाज ऐकू आला. या गृहस्थांनी त्या दिवसांत एक काम केले ते कुठल्याही वाहिनीवर लागले नाही. मोबाइलला रेंज मिळे अशा एका टेकाडावर ते रोज जात आणि लोकांनी चिठ्ठीवर लिहून दिलेले नंबर लावून "घरची सगळी बरी आहेत" एवढेच सांगत. बाहेरची बातमी आत आणि आतली बाहेर. मला वाटते, वार्ताहर या शब्दाचा अर्थ मी त्या दिवशी त्या स्टुडिओत प्रथम ऐकला.

घरी येताना भाची काही बोलली नाही. रात्री आरतीनंतर म्हणाली, "मामा, एक होडी कुठे आहे हे कळायला एक दिवस लागतो. टीव्हीला एक तास लागला."

परतीच्या वाटेवर थोडी वाकडी वाट करून मी तिला देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याला नेले. बाळशास्त्री जांभेकरांचे हे गाव. तेथे त्यांचे स्मारक आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत 'दर्पण' काढले, तेव्हा ते जेमतेम विशीचे, म्हणजे आमच्या भाचीपेक्षा धाकटे. एका बाजूस मराठी, एका बाजूस इंग्रजी मजकूर. आधी पाक्षिक, मग साप्ताहिक. १८४० मध्ये ते बंद पडले. बाळशास्त्री १८४६ मध्ये गेले, वय चौतीसच्या आसपास. स्मारकापुढे उभी राहून भाचीने विचारले, "त्यांना पगार किती होता हो?" बापाची लेक!

सध्या ती आमच्याकडे दादरला असते. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात तिला प्रवेश मिळाला आहे. ताईने अट घातली आहे: दोन वर्षांत नोकरी लागली नाही तर बी.एड. रोज संध्याकाळी ती वर्तमानपत्र मोठ्याने वाचते आणि मी आजोबांसारखी पेन्सिल घेऊन बसतो. चमच्यातला 'च' आणि चिमण्यातला 'च' तिचे अजून एक होतात. वाक्याच्या शेवटी मालवणी हेल वर जातो. तो मी मुद्दाम टिपत नाही.

परवा ताईचा फोन आला. विचारपूस झाली, पाऊसपाणी झाले, आणि मग हळूच तिने विचारले, "काय रे, आज किती टिंबा पडली?"

"सात," मी म्हटले.

"काल?"

"अकरा."

पलीकडे भावोजींचा आवाज आला, "बरा चलला म्हणान सांग तिका." आणि फोन ठेवला गेला.