जुन्या ऑटोमॅटिक मोटारीचा ऑइल कूलर : होज दाब पाहून नव्हे, उष्णता पाहून निवडा

बारामती-इंदापूर पट्ट्यात होज क्रिंप करून देणारा शोधावा लागत नाही. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचे साखर कारखाने, त्यांच्या उसासाठी फिरणारी तोडणी यंत्रे, जेसीबी, ट्रॉलीचे जॅक यांमुळे हे काम एमआयडीसीत रोजचे झाले आहे. आपले अनेक कारागीर बांधव त्यात तरबेज आहेत. परंतु हाच सरावलेला हात एखाद्या जुन्या ऑटोमॅटिक मोटारीला लागतो, तेव्हा सवयच घात करते.

अशा गाड्या थोड्या असतात, पण येतात. अँबॅसॅडर किंवा पद्मिनीला हा प्रश्न नाही. त्यांचे गिअर हाताने टाकायचे. मात्र शेव्हरोलेने १९५० साली पॉवरग्लाइड हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला आणि पुढे इम्पालासारख्या अनेक गाड्या तो घेऊन आल्या. एके काळी मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना होता. तो १९५४ साली बंद झाला. त्यामुळे या गाड्यांचे सुटे भाग आज परदेशातून मागवावे लागतात. चार-पाचशे रुपयांच्या होजमुळे असा गिअरबॉक्स जळाला, तर गिऱ्हाईक तर जातेच, शिवाय भरपाईचा वाद दाराशी येतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल हे केवळ वंगण नसते. इंजिनची ताकद तेलामार्फतच टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे जाते आणि तेथे तेल तापते. गिअरबॉक्सचा पंप हे तेल एका नळीने रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या लहान कूलरकडे पाठवतो आणि थंड झालेले तेल दुसऱ्या नळीने परत येते. या वाटेवरचा दाब फारसा नसतो. सामान्यतः पाच-सात बारच्या आतच. उष्णता मात्र मोठी. सपाट रस्त्यावर ऐंशी-नव्वद अंश, आणि पुण्याहून परतताना दिवे घाट चढायचा असेल तर कन्व्हर्टरमधून निघणारे तेल शंभराच्या बरेच वर जाते.

जेसीबीचे काम करणारा मिस्त्री एसएई १०० आर १ हा एका तारेच्या जाळीचा होज सहज काढून देतो. तीन सुती आकारात तो दीडशे बारहून अधिक दाब सोसतो, म्हणून मजबूत वाटतो. पण त्याची उष्णतेची मर्यादा साधारण १०० अंश आहे. दाबाची क्षमता अवाजवी आणि उष्णतेची तोकडी! असा होज बाहेरून धडधाकट दिसत राहतो आणि आतून कडक होऊन तडकतो. म्हणून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कूलरसाठीच बनवलेला एसएई जे १५३२ चा होज मागवावा, नाहीतर तेलासाठीचा, १५० अंशांचा छाप असलेला हायड्रॉलिक होज घ्यावा.

याहून वाईट खोड म्हणजे रेडिएटरचा किंवा हीटरचा होज कापून लावणे. तो बहुधा ईपीडीएम रबराचा असतो. पाण्याला उत्तम, पण खनिज तेलात तो फुगतो, मऊ पडतो आणि क्लिपमधून सुटतो. गरम तेल सायलेन्सरच्या पाइपवर पडले तर आग लागते. पेट्रोलचा होज तेलाला विरघळत नाही, पण एवढ्या उष्णतेत तो फार काळ टिकत नाही.

आता आट्यांकडे वळू, कारण बहुतेक गळती येथूनच होते. आपल्या बाजारात बीएसपी आटे; अमेरिकन गाडीत एनपीटी. पाव इंची बीएसपीला इंचात १९ आटे, एनपीटीला १८. एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. दोन-तीन फेरे बसतात, मग अडते. त्यावर पान्याने जोर दिला की अॅल्युमिनियमचे घर फाटते. पिच गेज लावल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

दुसरा फसवा प्रकार अडीच सुती नळीचा. तिच्या नटाला अर्धा इंच व्यास आणि इंचात २० आटे असतात. जेसीबीवर दिसणाऱ्या जेआयसी फिटिंगच्या त्याच मापालाही नेमके तेच आटे. फिटिंग हाताने आत जाते आणि मिस्त्री खूश होतो. पण जेआयसीचा उतार ३७ अंशांचा आहे, आणि गाडीला ४५ अंशांचा उलटा फ्लेअर लागतो. आटे जुळले, बैठक जुळली नाही. असा जॉइंट कितीही आवळला तरी पाझरतोच. जुना नट आणि नळीचे टोक नमुना म्हणून जपावे आणि त्यावरूनच अॅडाप्टर मागवावा.

तेथे टेफ्लॉन टेप गुंडाळण्याचा मोह होतो. फ्लेअर जॉइंटला टेप लागतच नाही, आणि तिचा धागा आत गेला तर व्हॉल्व्ह अडकतो.

माझे मत असे की, मूळ लोखंडी नळी चांगली असेल तर ती ठेवावी. होज फक्त तेथे, जेथे इंजिन हलते आणि रेडिएटर स्थिर असतो. तांब्याची नळी वाकवायला सोपी, म्हणून अनेकांना आवडते. पण हादऱ्यांनी ती ठिसूळ होऊन तुटते. नळीवर होज क्लिपने बसवायचा असेल तर नळीच्या टोकाला उठाव हवा आणि क्लिप गुळगुळीत पट्टीची हवी. खाचा पाडलेली पट्टी रबर कापते. मूळ नळी तीन सुती असेल तर अडीच सुती होज लावून तेलाची वाट अरुंद करू नये. होज सायलेन्सरपासून दूर न्यावा आणि छापलेल्या त्रिज्येपेक्षा जास्त वाकवू नये.

जोडण्यापूर्वी कापलेल्या होजमधील रबराचा व तारेचा चुरा हवेने काढावा. गिअरबॉक्स आधी जळालेला असेल तर कूलरही धुवावा, अन्यथा जुना कीस नव्या भागांत जातो. तेल गुलाबी दुधासारखे दिसले तर होज बदलून उपयोग नाही. कूलर आतून फुटून पाणी मिसळले आहे. हे गिऱ्हाइकाला काम हाती घेण्यापूर्वीच सांगावे.

काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून, गिअरबॉक्स गरम झाल्यावर तेलाची पातळी पाहावी. सर्व जॉइंट कोऱ्या कागदाने पुसून पाहावेत. लाल डाग लगेच दिसतो. पन्नास किलोमीटर चालवून गाडी पुन्हा मागवावी आणि क्लिपा पाहाव्यात. या दुसऱ्या फेरीचे पैसे आधीच बिलात धरावेत, म्हणजे ती टाळली जात नाही.