धुरक्यातले जंतू आणि नाकातले जंतू

जानेवारी २०१३मध्ये बीजिंग शहर धुरक्याखाली बुडाले. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान धूलिकणांचे, म्हणजे पीएम २.५चे, प्रमाण घनमीटरला ५०० मायक्रोग्रॅमच्याही वर गेले. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांसाठीची आजची मर्यादा १५ आहे, यावरून त्या हवेची कल्पना यावी. त्याच आठवड्यात त्सिंगह्वा विद्यापीठातल्या संशोधकांनी शहराची हवा गाळून धूळ जमवली आणि तिच्यातली रसायने मोजण्याऐवजी तिच्यातला डीएनए वाचला. शहरी हवेत सूक्ष्मजीव असतात हे जुनेच ज्ञान. पण इतक्या घाणेरड्या हवेत नेमके कोण आहे, याची प्रजातीवार यादी त्यांनी २०१४मध्ये मांडली. तेराशेहून अधिक नावे निघाली. जिवाणू, बुरशी, विषाणू सगळेच त्यात होते. धुरक्यात जंतू भरलेले आहेत, ही भीती तेव्हापासून लोकांच्या मनात घर करून आहे. ही भीती चुकीच्या जागी बसली आहे, असे मला वाटते. प्रदूषित हवा आणि जंतू यांचे नाते खरे आहे, घातकही आहे. पण ते जुळते आपल्या नाकात आणि फुप्फुसात.

आधी ती यादीच नीट वाचू. तिच्यातले बहुसंख्य जीव मातीतले, माणसाला निरुपद्रवी. कोरड्या मातीत आणि दगडांवर तग धरणारा जिओडर्मॅटोफिलस हा जिवाणू त्यात ठळकपणे होता. न्यूमोनिया घडवणारा न्यूमोकॉकस, ॲस्परजिलस बुरशी, एक ॲडेनोव्हायरस यांच्या खुणाही सापडल्या आणि धूळ वाढली तसा त्यांचा वाटा वाढल्याचे दिसले. हा वाटा मात्र मुळातच अगदी थोडा होता. शिवाय डीएनए सापडला म्हणजे जंतू जिवंत होता असे होत नाही. मेलेल्या पेशीचा डीएनएही तसाच वाचला जातो. आणि स्वच्छ हवा तरी कुठे निर्जंतुक असते? जमिनीवरच्या हवेत घनमीटरमागे दहा हजारांपासून दहा लाखांपर्यंत जिवाणू असतात असा साधारण अंदाज आहे. प्रौढ माणूस दिवसाला सुमारे दहा घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे धुरके असो वा नसो, रोज किमान लाखभर जिवाणू आपण श्वासाबरोबर घेतच असतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो आणि ऑस्टिन या शहरांच्या हवेत २००७च्या अभ्यासात किमान १,८०० प्रकारचे जिवाणू आढळले होते, आणि ती काही धुरक्यासाठी कुप्रसिद्ध शहरे नव्हेत. आपल्याकडे कलकत्त्यात डी. डी. कनिंगहॅम यांनी तुरुंगांच्या आवारातली हवा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून १८७३मध्ये अहवाल छापला. हवेतले जिवाणू आणि बीजाणू यांच्या संख्येचा कॉलरा, हगवण किंवा हिवताप यांच्याशी संबंध दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की प्रदूषित हवा जंतूंनाही मानवत नाही. इंग्लंडमध्ये पोर्टन डाउन इथल्या लष्करी प्रयोगशाळेत ड्रुएट आणि मे या शास्त्रज्ञांनी कोळ्याच्या अतिसूक्ष्म धाग्यांवर जिवाणू चिकटवून ते उघड्या हवेत ठेवले. बंद पात्रातल्या हवेत टिकणारे जिवाणू बाहेर झपाट्याने मरत होते. १९६८मध्ये त्यांनी जे मांडले ते चकित करणारे होते : ओझोन आणि इंधनाच्या वाफांमधली काही हायड्रोकार्बने यांच्या संयोगातून तयार होणारे अल्पजीवी पदार्थ जिवाणूंना मारतात. ही रसायने आपल्याही फुप्फुसाला बाधकच, त्यामुळे यात दिलासा मानण्याचे कारण नाही. पण हवा ही जंतूंची पैदास होण्याची जागा नव्हे, एवढे यातून कळते. तिथे ऊन आहे, कोरडेपणा आहे, खायला जवळपास काही नाही. बहुतेक जंतू धूलिकणावर बसून प्रवास करतात आणि बरेचसे वाटेतच संपतात.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. २०१६मध्ये स्वीडनमधल्या योथेबोरी विद्यापीठाच्या योआकिम लार्शन यांच्या गटाने माणसे, प्राणी आणि परिसर यांतून जगभर घेतलेल्या ८६४ नमुन्यांचा डीएनए तपासला, तेव्हा प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जनुकांचे सर्वाधिक प्रकार बीजिंगच्या धुरक्यात निघाले. कार्बापेनेम या शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या औषधांना निकामी करणारी जनुकेही त्यात होती. पुढे २०२३मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये ११६ देशांची आकडेवारी मांडून, जिथे पीएम २.५ जास्त तिथे औषध-प्रतिरोधही जास्त, असे दाखवण्यात आले. ही निरीक्षणे झटकून टाकण्यासारखी नाहीत. तरी बीजिंगचे नमुने मोजकेच होते, आणि ते जिवाणू जिवंत होते की नाही हे त्या डीएनएवरून ठरवता येत नव्हते. देशादेशांची तुलना तर आणखी जपून वाचावी लागते. जिथे धूळ जास्त असते तिथे अनेकदा सांडपाणी उघड्यावर वाहते, औषधे चिठ्ठीशिवाय मिळतात, रुग्णालये गजबजलेली असतात. संशोधकांनी अशा गोष्टींचा हिशेब धरण्याचा प्रयत्न केला आहे, पण सहसंबंधातून कारण वेगळे काढणे सोपे नसते. हवा ही या जनुकांची एक वाट असेल. त्यांचा उगम गटारे, गोठे, कुक्कुटपालन केंद्रे आणि रुग्णालये इथे आहे, आणि उपायही तिथेच करावा लागेल.

मग घातक नाते कोणते? त्यासाठी नाकात पाहावे लागते. न्यूमोकॉकस अनेक निरोगी मुलांच्या नाकाच्या मागच्या भागात मुकाट राहत असतो. तो हवेतून नव्याने येण्याची गरजच नसते. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात २०१७मध्ये ज्युली मॉरिसी आणि सहकाऱ्यांनी हा जिवाणू उंदरांच्या नाकात सोडला. नुसता सोडला तेव्हा तो तिथेच राहिला. काजळीच्या कणांसह सोडला तेव्हा तो फुप्फुसांत उतरला. काजळीमुळे जिवाणूंच्या चिकट थराची, म्हणजे जैवपटलाची, रचना बदलते आणि त्या थरातल्या जिवाणूंचा काही प्रतिजैविकांपुढे टिकाव धरण्याचा गुणही बदलतो, असे त्यांना आढळले. दुसरी बाजू आपल्या शरीराची. फुप्फुसाच्या वायुकोशांत भक्षक पेशींचा पहारा असतो. आत आलेला जंतू गिळून पचवायचा, हे त्यांचे काम. पण काजळीचे कणही त्या गिळतात आणि ते त्यांना पचत नाहीत. अशा कणांनी भरलेली पेशी जंतू मारण्यात कमी पडते, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसले आहे. नाकातला जिवाणू तोच राहतो, मूलही तेच राहते. मधली धूळ दोघांतला समतोल मोडते. घरातल्या चुलीच्या धुरामुळे लहान मुलांचा न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यामागची यंत्रणा मला इथे दिसते.

माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा अडथळा एका चाचणीचा आहे. भारत (तमिळनाडू), ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या सुमारे ३,२०० गर्भवती स्त्रियांपैकी निम्म्यांच्या घरी चुलीऐवजी मोफत गॅस दिला गेला आणि जन्मलेल्या बाळांवर वर्षभर लक्ष ठेवले गेले. गंभीर न्यूमोनियात लक्षणीय घट दिसली नाही. धूळ कमी झाली तर आजार का नाही घटला? चुलीचा धूर हे न्यूमोनियाचे एकमेव कारण नाही, हे तर उघडच आहे. कुपोषण, दाटीवाटीची वस्ती, विषाणू हेही आहेत. पण गॅस वापरणाऱ्या घरांतही पीएम २.५चा संपर्क सुमारे २४ मायक्रोग्रॅमवर राहिला, आणि संघटनेची वार्षिक मर्यादा आहे ५. शेजारची चूल, जळता कचरा, रस्त्यावरचे डिझेल यांचा धूर घरातल्या शेगडीला विचारून आत येत नाही. एका घराची हवा एकट्याने सुधारत नाही, असा या निकालाचा अर्थ मी लावतो. हा अर्थ सिद्ध झालेला नाही. पण धूळ निर्दोष आहे असेही ही चाचणी सांगत नाही.

हे मान्य केले तर काही गोष्टींचा क्रम बदलतो. ‘हवेतले ९९ टक्के जंतू मारतो’ असे सांगणाऱ्या यंत्रावर खर्च करण्याआधी ते धूळ किती गाळते हे पाहावे. भारताचा हवा गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांवर बेतलेला आहे; त्यात जंतूंचा रकाना घालण्यापेक्षा, पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था (आयआयटीएम) मुंबई-पुण्यासाठी जे धुळीचे अंदाज देते, त्यांच्याशेजारी त्याच आठवड्यातल्या बालरुग्ण विभागांतल्या न्यूमोनियाच्या नोंदी मांडणे अधिक उपयोगाचे ठरेल. लसही इथेच येते. न्यूमोकॉकसवरची लस देशाच्या लसीकरण कार्यक्रमात २०१७पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१मध्ये सर्वत्र पोहोचली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली लस या जिवाणूच्या दहा प्रकारांपासून संरक्षण देते. ज्ञात प्रकार मात्र शंभराच्या घरात आहेत. उरलेल्यांपुढे मुलाच्या भक्षक पेशीच उभ्या असतात, आणि त्या काजळीने भरू नयेत म्हणून जुने डिझेल ट्रक, पेटते कचराडेपो आणि उघड्यावर चाललेली बांधकामे यांचा बंदोबस्त महापालिकांना आणि राज्य सरकारला करावा लागेल.