बंदुकीचा आवाज आणि शेजारचं रान

टेक्सासमध्ये शहराबाहेर गेलं की वीस-पंचवीस एकरांचं रान असलेला कुणीतरी ओळखीचा निघतोच. त्याची परवानगी घेऊन त्याच्या मोकळ्या जागेत कागदी किंवा लोखंडी निशाण्यांवर नेम धरणं तिथे कुणाला वावगं वाटत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मराठी मंडळीही आता हौसेनं यात उतरली आहेत. जमिनीचा मालक खूश असतो, नेमबाजही खूश असतात. त्रास होतो तो कुंपणापलीकडच्या तिसऱ्या घराला. त्या घरानं कुणालाही परवानगी दिलेली नसते आणि रविवारची दुपार मात्र त्याच्या डोक्यावर ठणाणते.

हा त्रास बराच कमी करता येतो. तो कमी होत नाही, कारण आवाज कसा तयार होतो आणि कसा पसरतो याबद्दलचे समज बहुतेक सिनेमातून आलेले असतात.

‘सायलेन्सर लावला की आवाज बंद’

सिनेमात सायलेन्सर लावलेलं पिस्तूल हलकंसं ‘फुस्स’ करतं आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला पत्ताही लागत नाही. प्रत्यक्षात सायलेन्सर साधारण २० ते ३५ डेसिबल आवाज कमी करतो. एआर-१५ जातीच्या रायफलचा नळीच्या तोंडाशी मोजलेला आवाज १६५ डेसिबलच्या आसपास जातो. त्यातून ३० वजा केले तरी १३५ उरतात. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत क्षणिक आवाजाची कमाल मर्यादा १४० डेसिबल आहे, म्हणजे सायलेन्सर लावूनही आपण त्या रेषेच्या जेमतेम खाली येतो. अमेरिकी जाणकार म्हणूनच त्याला सप्रेसर, म्हणजे आवाज दाबणारा, म्हणणं पसंत करतात.

तरीही ३० डेसिबल ही क्षुल्लक गोष्ट नाही. डेसिबलची पट्टी साधी बेरीज-वजाबाकीची नसते. दर १० डेसिबलला कानाला आवाज अर्धा झाल्यासारखा वाटतो, म्हणजे ३० डेसिबलनं तो आठव्या हिश्शावर येतो. काम करण्याची पद्धतही सरळ आहे. गोळी बाहेर पडताच तिच्या मागचा तापलेला, प्रचंड दाबाखालचा वायू एकदम मोकळा होतो आणि त्याचा बार होतो. सायलेन्सरमधल्या एकामागोमाग बसवलेल्या पडद्यांमधून तो वायू अडखळत, निवत, सावकाश बाहेर येतो. मॅक्सिम मशीनगनच्या जनकाचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम यानं १९०९ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे.

कायद्याच्या बाबतीत दोन टोकांचे गैरसमज आहेत. कुणाला वाटतं सायलेन्सर अमेरिकेत बेकायदा आहे, कुणाला वाटतं आता सगळं मोकळं झालं. वस्तुस्थिती मधली आहे. ५० पैकी ४२ राज्यांत सामान्य नागरिकाला तो बाळगता येतो. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि हवाई या आठ राज्यांत येत नाही. १९३४ च्या कायद्यानं लावलेला २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला. पण गेला तो फक्त कर. नोंदणी, बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी हे सगळं कायम आहे. मोटारीचं ऑइल फिल्टर, प्लास्टिकची बाटली असलं काही नळीला जोडण्याच्या भानगडीत मुळीच पडू नये. आधी मंजुरी न घेता सायलेन्सर बनवणं हा संघराज्याच्या कायद्यानुसार गंभीर गुन्हा आहे, आणि गोळीची वाट जराशी जरी चुकली तरी समोर काहीही होऊ शकतं.

‘आवाज नळीतूनच येतो’

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. नळीचा बार हा एका गोळीच्या आवाजातला फक्त एक भाग आहे. २० अंश सेल्सियसला आवाज हवेतून सेकंदाला ३४३ मीटर वेगानं जातो. .२२३ रायफलची गोळी त्याच्या पावणेतीन-तीन पट वेगानं सुटते. आवाजाच्या पुढे पळणारी कुठलीही वस्तू हवेत दाबाची लाट उठवत जाते, होडीच्या दोन्ही बाजूंना पाणी फाकत जावं तशी. ही लाट कानावर आली की कोरडा, धारदार फटकारा ऐकू येतो. तो एका जागी होत नाही, गोळी उडत असते तोवर सगळ्या वाटेवर होत राहतो. सायलेन्सर नळीच्या टोकाला असतो. गोळी तिथून निघून गेल्यावर जे घडतं त्यावर त्याचा काहीच अंमल चालत नाही.

मी एकदा रेंजच्या बाजूला, बऱ्याच अंतरावर असलेल्या एका घराच्या पोर्चवर उभं राहून हे लक्ष देऊन ऐकलं. आधी ‘चट्ट’, मग क्षणभरानं जाडसर ‘धप्प’, आणि त्याच्या पाठोपाठ लोखंडी पाटीचा ‘टण्ण’. रायफलला सायलेन्सर चढवल्यावर ‘धप्प’ जवळजवळ विरून गेला. ‘चट्ट’ आणि ‘टण्ण’ जसेच्या तसे राहिले. नेम धरणारे मात्र मनापासून म्हणत होते, की आता काहीच आवाज नाही. त्यांचं खोटं नव्हतं. फटकाऱ्याची लाट पुढे आणि बाजूंना पसरते, नेमबाजाच्या मागे थेट येत नाही. त्यामुळे जो आवाज शेजाऱ्याला सर्वाधिक टोचतो, तोच नेमबाजाला सर्वांत कमी कळतो. आवाज किती होतो हे ठरवायचं असेल तर शेजाऱ्याच्या अंगणात जाऊनच ऐकायला हवं.

फटकारा घालवायचा एकच मार्ग आहे. गोळी आवाजापेक्षा हळू जाणारी हवी. यावर हमखास येणारा आक्षेप असा, की हळू गोळी म्हणजे नेमाचं वाटोळं. याचं उत्तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातून आलेल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिलेलं आहे. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्यानं कांस्यपदक मिळवलं. हा प्रकार .२२ च्या, आपले नेमबाज ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात त्या, काडतुसावर खेळला जातो, आणि स्पर्धेच्या दर्जाची ही काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाखालीच ठेवलेली असतात, साधारण सेकंदाला ३२५-३३० मीटर. कारणही तांत्रिक आहे. आवाजाचा वेग ओलांडून सुटलेली गोळी वाटेत मंदावते आणि तो उंबरठा उतरताना हवेचे हेलकावे तिला किंचित डळमळवतात. सुरुवातीपासूनच खाली असलेल्या गोळीला तो उंबरठाच लागत नाही. म्हणून ५० मीटरच्या आत सराव करणाऱ्यानं ‘हाय व्हेलॉसिटी’चा डबा ठेवून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सबसॉनिक’ लिहिलेला उचलला, तर शेजाऱ्याचं भलं होतं आणि नेमही बहुधा सुधारतो.

यात एक बारीक गोम आहे, ती थंड प्रदेशातल्यांसाठी. हवा गार झाली की आवाजाचा वेग घटतो. शून्य अंशाला तो ३३१ मीटर, उणे १० ला ३२५ आणि उणे २० ला ३१९ असतो. टेक्सासमध्ये मुकाट जाणारी ३२६ मीटरची गोळी मिनेसोटाच्या जानेवारीत पुन्हा फटकारा देऊ शकते. तिथे हिवाळ्यासाठी आणखी हळू काडतूस घ्यावं लागतं.

नळीची लांबीही महत्त्वाची. .२२ च्या काडतुसात दारू इतकी थोडी असते, की लांब नळीत ती पूर्ण जळून वायूचा दाब तोंडापर्यंत बराच उतरलेला असतो. म्हणूनच हळू काडतूस आणि लांब नळीची रायफल ही जोडी सायलेन्सरशिवायही आश्चर्य वाटावं इतकी सौम्य वाजते. तेच काडतूस आखूड पिस्तुलातून झाडलं तर कान किटतात. मोठ्या रायफलींना धक्का कमी व्हावा म्हणून मझल ब्रेक लावतात. तो वायू बाजूंना आणि मागे फेकतो, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्यांना आवाज आणखी मोठा येतो. शेजारवस्ती असेल तिथे तो काढून ठेवावा.

‘मध्ये झाडी आहे, मातीचा बांधही आहे’

झाडांची एक रांग नजर अडवते, आवाज अडवत नाही. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाचं वाहनांच्या आवाजाबद्दलचं मार्गदर्शन असं, की पलीकडचं काहीच दिसणार नाही इतकी दाट आणि उंच झाडी सुमारे ६१ मीटर रुंद असेल तर १० डेसिबल कमी होतात. कुंपणालगत लावलेल्या पाच-सहा सीडरकडून ती अपेक्षा करता येत नाही.

बांधाचा घोटाळा वेगळा आहे. गोळ्या अडवणारा बांध निशाण्याच्या मागे असतो आणि तो तिथेच हवा. सुरक्षिततेसाठी तो अटळ आहे. पण बार होतो नळीच्या तोंडाशी, त्या बांधापासून पन्नास-शंभर मीटर अलीकडे. बाजूच्या घराला त्या बांधाचा काडीचा उपयोग नाही. आवाजाचा अडथळा आवाजाच्या उगमाला चिकटून हवा, नाहीतर ऐकणाऱ्याला चिकटून. मधोमध उभा केलेला सर्वांत कमी काम करतो. त्यामुळे मातीचा ढीग लावायचाच असेल तर घराच्या बाजूला, नेमबाजाच्या अगदी शेजारी, डोक्याच्या वरपर्यंत उंच लावावा. जमीन उंचसखल असेल तर टेकडाच्या आडची खोलगट जागा निवडावी. तिथे पैसाही लागत नाही.

उघड्या पत्र्याच्या शेडमधून नेम धरणं मात्र उलट अंगावर येतं, कारण कडक पत्रा आवाज गिळत नाही, परतवतो. आतून जाड, मऊ अस्तर असेल आणि नळीचं तोंड शेडच्या बरंच आत राहत असेल, तरच शेडचा फायदा. गोळीची वाट पूर्ण मोकळी हवी हे वेगळं सांगायला नको.

अंतराबद्दल थोडक्यात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. घरापासून २०० मीटरवरची जागा ४०० वर नेली तर ६ कमी झाले, पण ४०० वरून ६०० वर नेली तर साडेतीनच. बार पुढच्या दिशेला जास्त आणि मागे कमी जातो, म्हणून जवळचं घर पाठीशी येईल अशी दिशा आवाजासाठी चांगली. मात्र दिशा आधी ठरते ती गोळी कुठे थांबेल यावर. .२२ च्या डब्यावर गोळी सव्वा-दीड मैल जाऊ शकते असा इशारा छापलेला असतो, तो शोभेचा नाही.

‘सकाळी लवकर उरकून टाकू’

मनात भावना चांगली असते, ऊन तापायच्या आत काम आटोपावं. पण निरभ्र, शांत रात्रीनंतर पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. अशा वेळी वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि दूरवर स्पष्ट पोचतो. भर दुपारी जमीन तापलेली असते तेव्हा तो वरच्या दिशेला वळून निघून जातो. वारा घराकडे वाहत असेल तरीही तेच, आवाज खाली वाकतो. म्हणून साधारण अकरा ते चार ही वेळ बरी, आणि वारा शेजाऱ्याकडून आपल्याकडे येत असेल तर उत्तम. शेजारी पहाटे झोपलेला असतो हे कारण तर आहेच.

लोखंडी पाटीचा ‘टण्ण’ बंद करणं सगळ्यात सोपं. कागदी निशाणा वापरला की तो संपला.

हे सगळं केल्यावरही कानात बोळे आणि वर मफ हवेतच. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा येत नाहीत. दोन्ही एकत्र लावले तर संरक्षणाची बेरीज होते असंही नाही. दुसऱ्यामुळे फार तर पाचेक डेसिबलची भर पडते. पण ते पाच मिळवावेत.

‘मालक हो म्हणाला, मग प्रश्नच नाही’

प्रश्न उरतातच. टेक्सासमध्ये शिकार किंवा हौसेची नेमबाजी करताना जाणूनबुजून झाडलेली गोळी हद्द ओलांडून गेली तर तो गुन्हा आहे. दोन्ही बाजूंची जमीन आपलीच असेल किंवा पलीकडच्या मालकाशी लेखी करार असेल तरच सूट. शहरहद्दीबाहेरच्या प्लॉटच्या वसाहतींत १० एकर किंवा त्याहून लहान प्लॉटवर गोळीबाराला बंदी घालण्याचा अधिकार काउंटीला आहे. अनेक राज्यांत आवाजाच्या दाव्यांपासून रेंजना संरक्षण देणारे कायदे आहेत, पण ते रीतसर चालणाऱ्या रेंजसाठी. कुणाच्या कुरणात मांडलेल्या चार निशाण्यांना ते लागू होतील असं धरून चालू नये.

आपल्या लोकांनी एक गोष्ट गाठीशी बांधून ठेवावी. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्यानं बंदूकच नव्हे, काडतूस बाळगायलाही मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला नेहमीचा अपवाद. ‘बंदूक मित्राची आहे, मी फक्त दोन गोळ्या झाडल्या’ हा बचाव कामाला येत नाही. ग्रीनकार्डधारकांना ही मनाई नाही. व्हिसावर असाल तर हातात घेण्याआधी वकिलाला विचारा. एका फोटोपायी इमिग्रेशनची वर्षानुवर्षांची खटपट पणाला लावू नये.

आणि कुंपणापलीकडच्या घराशी आधी बोला. त्यांच्याकडे घोडी आहेत का, आवाजानं बिथरणारा कुत्रा आहे का, कुणी रात्रपाळी करून दिवसा झोपतं का, युद्धावरून परतलेलं कुणी घरात आहे का, हे विचारा. किती वाजता सुरू करणार आणि किती वाजता थांबणार ते सांगून फोन नंबर द्या. एका बैठकीत किती फैरी झाडायच्या याचीही मर्यादा ठरवा. वीस आवाज सहन होतात, दोनशे होत नाहीत.

एवढं करूनही त्यांना त्रास होत असेल तर १० मीटर एअर रायफलचा पर्याय आहे. अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात अंतिम फेरीत पोचली होती. छर्रा सेकंदाला पावणेदोनशे मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे फटकारा नाही, दारू नाही म्हणून बार नाही. गॅरेजमध्ये छर्रे अडवणारी पेटी लावून रोज तासभर सराव करता येतो. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात ती बंदुकीत मोडत नाही, राज्याचे आणि गावाचे नियम तेवढे पाहावे लागतात. भारतात .१७७ पर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. आवाज कमी करणारं साधन मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीच्या व्याख्येतच येतं, म्हणून गावाकडच्या शेतावर सराव करताना तो विचार डोक्यातून काढून टाकावा.