कोंबडीच्या खाद्याची सरकारी फाईल

अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन बंदरावर अडवून नाकारलेल्या मालाची यादी दर महिन्याला जाहीर करतं. त्यात पाठवणाऱ्या कंपनीचं नाव असतं, गाव असतं, देश असतो, माल कोणता आणि तो का नाकारला हेही असतं. भारतातून गेलेली गोठवलेली कोळंबी या यादीत अधूनमधून दिसते आणि कारणाच्या रकान्यात पशुऔषधांचे अंश सापडल्याचं लिहिलेलं असतं. युरोपीय संघाच्या इशारा-यंत्रणेतल्या नोंदीही अशाच खुल्या आहेत. संघाचे निरीक्षक भारतात येऊन तळी, कारखाने, प्रयोगशाळा आणि सरकारी दप्तर तपासून जातात. त्यांचा अहवाल आणि त्यावर भारतीय अधिकाऱ्यांनी दिलेलं उत्तर, दोन्ही प्रसिद्ध होतं.

परदेशी ग्राहकासाठी गोळा झालेली ही माहिती अलिबागच्या माणसालाही घरबसल्या वाचता येते. पण अलिबागच्याच बाजारातल्या कोळंबीचे, कोंबडीचे, दुधाचे यंदा किती नमुने तपासले आणि किती नापास झाले, हे त्याला तितक्या सहज कळत नाही. ते कागद मागावे लागतात.

हे कागद इतके महत्त्वाचे का, ते आधी पाहायला हवं. जनावराला प्रतिजैविकं तीन कारणांनी दिली जातात. गायीला दगडी झाली, कास सुजली, की उपचार म्हणून. रोग येऊ नये म्हणून शेडमधल्या सगळ्या पक्ष्यांना सरसकट. आणि वजन लवकर भरावं म्हणून खाद्यातून रोज थोडी थोडी. पहिल्या कारणाला कोणाचाच आक्षेप नाही. तिसरं सर्वांत घातक, कारण इतक्या थोड्या मात्रेत सगळे जंतू मरत नाहीत. जे औषधाला पुरून उरतात तेच वाढत जातात, आणि मांस, अंडी, सांडपाणी, खत यांच्या वाटेने माणसांपर्यंत येतात. औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासाने मांडला. यात माणसांनी स्वतः चुकीच्या पद्धतीने घेतलेल्या औषधांचा वाटा मोठा आहे. जनावरांचा नेमका किती, हे ठरवायला आकडे हवेत, आणि अडचण तिथेच आहे.

कोलिस्टिनचं उदाहरण घ्या. बाकीची औषधं थकली की अतिदक्षता विभागातले डॉक्टर ज्या मोजक्या औषधांकडे वळतात त्यातलं हे एक. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनच्या संशोधकांनी डुकरांमध्ये, मांसात आणि रुग्णांमध्येही एक जनुक सापडल्याचं जाहीर केलं. ते असलेल्या जंतूवर कोलिस्टिन चालत नाही, आणि ते एका जंतूतून दुसऱ्यात सहज उडी मारतं. चीनने २०१७ मध्ये खाद्यातून वाढीसाठी कोलिस्टिन देणं थांबवलं. भारतात ते विकलं जातच होतं. २०१८ च्या सुरुवातीला लंडनच्या 'ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझम'ने दाखवून दिलं, की २०१६ या वर्षात हजारो टन पशुवैद्यकीय कोलिस्टिन भारत, व्हिएतनाम, दक्षिण कोरिया, रशिया अशा देशांकडे रवाना झालं होतं. 'द हिंदू'ने ही बातमी भारतात छापली. जुलै २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खाद्यप्राण्यांसाठी, कुक्कुटपालनासाठी, मत्स्यशेतीसाठी आणि खाद्यपूरकांसाठी कोलिस्टिनचं उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केलं. हा निर्णय एकट्या बातमीमुळे झाला असं म्हणता येणार नाही. पण औषध कुठून निघालं आणि कुठे पोहोचलं हे लोकांसमोर येण्याआधी त्याची चर्चा तज्ज्ञांच्या बैठकांपुरतीच होती.

भारतातल्या जनावरांना वर्षाला एकूण किती प्रतिजैविकं दिली जातात? नेहमी सांगितला जातो तो आकडा २०१५ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासातला आहे. त्यानुसार २०१० मध्ये जगभर ६३,१५१ टन वापर झाला आणि भारत चौथ्या क्रमांकावर होता. हे संशोधकांनी गणिती प्रारूपावरून काढलेलं अनुमान आहे. विक्रीच्या बिलांची बेरीज नव्हे. अमेरिकेत मात्र २००८ च्या कायद्याने औषध कंपन्यांना पशुऔषधांच्या विक्रीचे आकडे दरवर्षी सरकारला देणं भाग पडलं, आणि सरकारला त्यांचा गोषवारा छापणं. म्हणून तिथे ठामपणे सांगता येतं, की माणसांसाठी महत्त्वाच्या प्रतिजैविकांची पशुपालनासाठीची विक्री २०१५ ते २०१७ या दोन वर्षांत ४३ टक्क्यांनी घटली.

ही घट होण्याआधी मात्र तिथे चाळीस वर्षं गेली होती, आणि त्या चाळीस वर्षांत सरकारच्या कपाटात काय पडून होतं हे कागद मागितल्यावरच उघड झालं.

१९७७ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनानेच प्रस्ताव मांडला होता, की पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिन पशुखाद्यात घालण्याच्या परवानग्या मागे घ्याव्यात. कंपन्यांना सुनावणीची संधी देणाऱ्या नोटिसा निघाल्या. सुनावणी झालीच नाही. संसदेतून दबाव आला, आणखी अभ्यास करा असं सांगण्यात आलं, आणि नोटिसा तशाच राहिल्या. २०११ मध्ये 'नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल' आणि इतर संस्था न्यायालयात गेल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रशासनाने त्या जुन्या नोटिसा मागे घेऊन टाकल्या. २०१२ मध्ये खालच्या न्यायालयाने संस्थांच्या बाजूने निकाल दिला. २०१४ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने तो फिरवला.

संस्था खटला हरल्या, पण दुसरीकडे कागद हाती आले होते. अमेरिकेत माहितीस्वातंत्र्याचा कायदा १९६६ पासून आहे. त्याखाली 'नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल'ने प्रशासनाची अंतर्गत टिपणं मिळवली आणि जानेवारी २०१४ मध्ये ती लोकांपुढे ठेवली. २००१ ते २०१० या काळात प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिन असलेल्या ३० खाद्य-औषधांची तपासणी केली होती. त्यांपैकी १८ औषधांमुळे प्रतिरोधक जंतू अन्नातून माणसापर्यंत जाण्याचा धोका 'मोठा' आहे, असा शेरा त्यांनी मारला होता. १९७३ मध्ये ठरवून दिलेल्या सुरक्षिततेच्या कसोटीला किमान २६ औषधं उतरत नव्हती. शास्त्रज्ञांनी आपलं काम चोख केलं होतं. त्यांचे शेरे मात्र फायलीतच राहिले आणि औषधं बाजारात.

महिनाभर आधीच, डिसेंबर २०१३ मध्ये, प्रशासनाने कंपन्यांना नवी मार्गदर्शक सूचना दिली होती: वजनवाढीसाठीचा वापर लेबलावरून काढा आणि बाकीच्या वापराला पशुवैद्यकाची देखरेख ठेवा. ती १ जानेवारी २०१७ पर्यंत अमलात आली. ती पुरेशी आहे का, हा वाद आज तिथे चालू आहे. पण दोन्ही बाजूंच्या हातात आता तेच आकडे आणि तीच टिपणं आहेत.

भारतात असा अर्ज करणं अवघड आहे का? कायद्यापुरतं बोलायचं तर अमेरिकेपेक्षा सोपं आहे. गोव्याने १९९७ मध्ये आणि महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचे माहिती अधिकार कायदे केले होते. केंद्राचा कायदा त्यानंतर, २००५ मध्ये आला. शुल्क दहा रुपये. माहिती कशासाठी हवी हे विचारायचा अधिकार अधिकाऱ्याला नाही. ३० दिवसांत उत्तर द्यायचं. मुदत उलटली तर माहिती फुकट द्यायची. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे धाडायचा.

घोडं अडतं ते कलम ८ वर. त्यातल्या (१)(घ) या पोटकलमाखाली व्यापारी गुपित किंवा त्रयस्थ कंपनीच्या स्पर्धेला बाधा आणणारी माहिती नाकारता येते, आणि (१)(क) खाली राष्ट्राच्या आर्थिक हितसंबंधांना किंवा परराष्ट्रसंबंधांना बाधक ठरणारी. औषध आणि निर्यात या दोन शब्दांची फाईल आली की ही दोन कलमं पुढे केली जाण्याची शक्यता दाट असते. पण याच कायद्यात असंही लिहिलं आहे, की जनहित मोठं असेल तर अशी माहितीही द्यावी. कलम १० सांगतं, की गुपित तेवढा भाग झाकून बाकीचा कागद द्यावा. एखाद्या कंपनीचं खाद्य बनवण्याचं सूत्र गुपित असू शकेल. सरकारी प्रयोगशाळेत तपासलेल्या मांसात औषधाचा अंश किती सापडला, हा आकडा गुपित ठरवणं मात्र समर्थनीय वाटत नाही.

या मुद्द्यावर एक पूर्वोदाहरण आहे, आणि त्याचं एक टोक जालन्यात आहे. जालन्याच्या 'महिको' कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्याच्या सुरक्षितता-चाचण्यांचा तपशील 'ग्रीनपीस'च्या वतीने २००६ मध्ये माहिती अधिकारात मागितला गेला. जैवतंत्रज्ञान विभागाने व्यापारी गोपनीयतेचं कारण देत नकार दिला. प्रकरण केंद्रीय माहिती आयोगाकडे गेलं, आयोगाने अर्जदाराच्या बाजूने कौल दिला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विषाक्तता आणि ॲलर्जीबाबतची माहिती खुली करायला सांगितली. ती माहिती बाहेर आल्यावर देशातल्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी तिची चिरफाड केली, जाहीर सुनावण्या झाल्या, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्या वांग्याला स्थगिती दिली. स्थगिती बरोबर की चूक यावर मतभेद आहेत. खाण्याच्या वस्तूच्या चाचण्या लोकांना पाहता यायला हव्यात, हे मात्र तेव्हा प्रस्थापित झालं.

सरकारने स्वतःहून आकडे दिल्याचंही उदाहरण आहे, आणि ते मोकळेपणाने सांगायला हवं. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातल्या दुधाचे ६,४३२ नमुने तपासून घेतले आणि पुढच्या वर्षी निकाल जाहीर केले. ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले, आणि अशा राज्यांत महाराष्ट्र वरच्या तिघांत होता. दूध भेसळीचं म्हणून बदनाम असताना प्रत्यक्षात भेसळीचे नमुने अवघे १२ निघाले, हेही त्याच पाहणीतून कळलं. आकडे उघड झाले की भीती आणि निष्काळजीपणा, दोन्हींना लगाम बसतो. असं कोंबडीचं आणि अंड्यांचं दरवर्षी व्हावं, ही अपेक्षा अवाजवी नाही.

अर्ज लिहिताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. 'कारवाई का केली नाही?' असा प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही, कारण कायदा दप्तरात असलेले कागद देतो, खुलासे देत नाही. कागदाचं नाव घ्यावं लागतं. उदाहरणार्थ, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे मागता येईल: अमुक वर्षात प्रतिजैविकांच्या अंशांसाठी घेतलेल्या कोंबडी, अंडी आणि दुधाच्या नमुन्यांची नोंदवही आणि प्रयोगशाळेचे अहवाल. २०१२ पासून पशुऔषधाच्या लेबलवर, औषध दिल्यावर दूध, अंडी, मांस किती दिवस विकायचं नाही, हे छापणं सक्तीचं आहे; जिथे वेगळा कालावधी ठरलेला नाही तिथे दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी २८ दिवस. या लेबलांच्या तपासणीचे अहवाल त्याच कार्यालयाकडे मागावेत. सरकारी दवाखान्यांसाठी कोणती प्रतिजैविकं किती खरेदी झाली, हे पशुसंवर्धन विभागाकडे विचारता येतं. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, तेव्हा तीन कार्यालयांना तीन अर्ज करणंच बरं. जाडजूड फाईल असेल तर आधी ती प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करावी. पहिल्या तासाला पैसे पडत नाहीत, आणि कोणत्या पानांच्या प्रती घ्यायच्या ते तिथेच ठरवता येतं.

नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर ३० दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत आयोगाकडे दुसरं. आयोगाकडे प्रकरणं तुंबलेली आहेत, आणि माणसं थकतात ती इथे. पाठपुरावा एकट्याने करण्यापेक्षा ग्राहक पंचायत, शेतकऱ्यांचा गट, पशुवैद्यकाचं शिक्षण घेणारे विद्यार्थी यांनी मिळून केलेला बरा.

शेतकऱ्यांचं नाव इथे मुद्दाम घेतलं आहे. करारावर ब्रॉयलर पाळणाऱ्याला पिल्लं, खाद्य आणि औषध कंपनीच पुरवते. पोत्यात नेमकं काय आहे हे त्याला अनेकदा ठाऊक नसतं, आणि माल नाकारला गेला की झळ त्यालाही बसते.

निर्यातीच्या बाजूने आता एक तारीख ठरली आहे. वाढीसाठी प्रतिजैविकं दिलेल्या किंवा माणसांसाठी राखीव ठेवलेली औषधं दिलेल्या जनावरांचे पदार्थ ३ सप्टेंबर २०२६ पासून आयात करायचे नाहीत, असं युरोपीय संघाने ठरवलं आहे. ही अट मासळीशेतीच्या मालालाही लागू आहे. म्हणजे युरोपला माल पाठवणाऱ्या प्रत्येक देशाच्या सरकारला हमी द्यावी लागणार. भारतात निर्यात तपासणी परिषद, सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण या संस्था अंश-तपासणीच्या वार्षिक योजना आखतात. नमुन्यांची संख्या, औषधांची नावं आणि नापास निकाल त्यांच्याच दप्तरात जमा होतात. या संस्था केंद्र सरकारच्या आहेत, माहिती अधिकाराखाली येतात, आणि त्यांच्याकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. गेल्या तीन वर्षांच्या योजना, त्यातले नापास नमुने आणि त्यानंतर त्या तळ्यावर किंवा फार्मवर काय कारवाई झाली याचे अहवाल: पहिल्या अर्जात एवढंच मागितलं तरी पुरे आहे.